न मिळवलेला हात

मी जो गेम खेळायचे त्यात चार-चार जणांचे दोन संघ असतात. ओसाड पडलेली एक वस्ती, पडक्या भिंती, पाण्याच्या टाक्या, आणि त्यांच्या आडून एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. ज्या संघातले सगळे आधी पडतात तो हरतो. ऐकायला पोरकट वाटतं. मी अंबडच्या एका कारखान्यात माल तपासणी विभागात नोकरी करते, आणि संध्याकाळी घरी येऊन मोबाईलवर हे खेळते, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. पण दिवसभर लोखंडाचे तेच ते सुटे भाग हाताळून झाल्यावर हेडफोन कानाला लावला की डोक्यातला आवाज थांबायचा.

आमच्या संघाचा कॅप्टन देवळाली कॅम्पात राहणारा एक मुलगा होता. वडील लष्करात, हा स्वतः भरतीची तयारी करत होता. सकाळी धावायचा, दुपारी क्लासला जायचा आणि संध्याकाळी आमच्याबरोबर खेळायचा. माझ्याहून लहान, म्हणून मला ताई म्हणायचा. बाकीचे दोघे त्याचे शाळेतले मित्र. आम्ही चौघं दोनेक वर्षं एकत्र खेळत होतो आणि प्रत्यक्षात कधीच भेटलो नव्हतो. तरी त्यांच्या घरचा कुकर कधी शिट्टी देतो, कोणाची आई कधी हाक मारते, हे सगळं मला ठाऊक होतं.

या खेळात सामना संपला की दोन्ही संघ थोडा वेळ एकाच लॉबीत राहतात. माईक सुरू असतात, एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. सभ्य लोक तिथे ‘जीजी’ म्हणतात, म्हणजे गुड गेम, चांगला झाला सामना. सभ्य लोक कमी असतात. बहुतेक जण ‘इझी’ म्हणतात, म्हणजे तुम्हाला हरवणं अगदीच सोपं होतं. काही जण सामना चालू असतानाच पडलेल्या खेळाडूच्या अंगावर उभं राहून आपल्या बाहुल्याला उठाबशा काढायला लावतात. बाईचा आवाज ऐकू आला तर काय काय बोलतात ते इथे लिहीत नाही. त्याची मला सवय झाली होती, किंवा सवय झाली असं मी स्वतःला सांगत होते.

मी मात्र प्रत्येक सामन्यानंतर माईकवर म्हणायचे, “छान खेळलात.” जिंकले तरी, हरले तरी. ही आमच्या घरची शिस्त. पप्पा तरुणपणी कबड्डी खेळायचे. आम्ही भावंडं कॅरम खेळून उठलो की पप्पा दोघांना समोरासमोर उभं करायचे आणि हात मिळवायला लावायचे. भांडण झालेलं असलं, डोळ्यात पाणी असलं, तरी हात मिळवल्याशिवाय जेवायला वाढायचं नाही असं ते आईला सांगायचे. कॅप्टन सुरुवातीला माझ्या या ‘छान खेळलात’ला हसला होता. पुढे पुढे मी विसरले तर तोच आठवण करायचा.

गंगापूर रोडच्या एका गेमिंग कॅफेने शहरातल्या संघांसाठी स्पर्धा भरवली. सामने घरूनच खेळायचे, बक्षीस समारंभ मात्र कॅफेत. नोंदणी करताना खरं नाव, आडनाव आणि ओळखपत्र द्यावं लागलं. सामने थेट दाखवले जायचे आणि त्यात प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर त्याचं पूर्ण नाव दिसायचं. आजवर मला तिथे फक्त खेळातल्या टोपणनावाने ओळखत होते.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता. आई आत झोपली होती. पप्पा खिडकीजवळच्या दिवाणावर पेपर वाचत होते. समोरच्या संघाचा कॅप्टन फार चांगला खेळायचा, आणि आपल्या पोरांना शांतपणे हुकूम द्यायचा. त्याचा आवाज मी आधीच्या सामन्यांच्या प्रक्षेपणात ऐकला होता. शेवटी आमच्याकडे मी आणि आमचा कॅप्टन उरलो आणि त्यांच्याकडे तो एकटा. तो पाण्याच्या टाकीमागे दबून होता. आमच्या कॅप्टनने त्याला दुसऱ्या बाजूने गुंतवून ठेवलं आणि मी भिंतीला वळसा घालून मागून गेले. तो पडला. आम्ही जिंकलो.

कॅप्टन आनंदाने त्याच्या अंगावर उठाबशा काढायला लागला. मी म्हटलं, “नको रे करू.” तो थांबला. मग प्रक्षेपण संपून लॉबी उघडली आणि मी म्हटलं, “छान खेळलात सगळे.”

 मग एक जण अगदी गोड आवाजात म्हणाला, “थँक्यू मॅडम.” आणि मागून दुसरा, “आडनाव वाचलंस का रे?”

“वाचलं ना. म्हणूनच हरलो. यांना इथेपण कोटा असतो.”

हसणं ऐकू आलं. मग त्यांचा कॅप्टन बोलला. सामन्यात हुकूम द्यायचा त्याच शांत आवाजात. “फोन धुवून घ्या रे सगळ्यांनी. मग जेवायला बसा.” त्यापुढे त्याने आमच्या जातीचं नाव घेतलं. ते नाव ज्या सुरात घेतलं जातं तो सूर आमच्यातल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

मी आमच्या तिघांच्या बोलण्याची वाट पाहिली. कॅप्टन हळूच म्हणाला, “ताई, लॉबी सोड. सोड ना.” बाकीच्या दोघांपैकी एक जण नाकातून हसला. कदाचित घाबरून हसला असेल. मी लॉबी सोडली नाही. ते बोलत राहिले आणि मी सगळं ऐकत राहिले, शेवटी ती आपोआप बंद झाली.

हेडफोन काढला तेव्हा पप्पा पेपर खाली करून माझ्याकडे बघत होते.

“हरलात?”

“नाही, जिंकलो.”

“मग तोंड का असं?”

“काही नाही. थकले.”

“हात मिळवला का?” त्यांनी नेहमीच्या गमतीने विचारलं. मी हो म्हटलं.

त्याच दिवशी मी गेममध्ये तक्रार नोंदवली. तशी सोय आहे तिथे, कारण निवडायचं आणि बटण दाबायचं. उत्तर लगेच आलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. मराठीत दिलेली शिवी त्या यंत्रणेला कळत नसावी. किंवा शिवी नव्हतीच ती, तो फोन धुण्याचा सल्ला होता.

मग मी कॅप्टनला फोन केला. तो आमचे सगळे सामने रेकॉर्ड करायचा आणि त्यातले चांगले तुकडे इंटरनेटवर टाकायचा. अंतिम सामन्याचा शेवटही त्याने टाकला होता. मी भिंतीला वळसा घालते, टाकीमागचा तो पडतो, आमचा जल्लोष, आणि बस्स. माझं ‘छान खेळलात’सुद्धा त्यात नव्हतं.

“पुढचं रेकॉर्डिंग दे मला,” मी म्हटलं.

“पुढचं नाहीये ताई. मी बंद केलं होतं.”

“तू कधीच बंद करत नाहीस.”

 मागे त्याच्या घरात टीव्ही चालू होता. मग म्हणाला, “डिलीट झालं. खरंच. आणि सोड ना, अशी पोरं सगळ्यांनाच बोलतात. सेमीफायनलवाली मला पण आईवरून बोलली होती.”

“तुझ्या आईवरून बोलली तेव्हा मी काय केलं होतं?”

मी तेव्हा त्यांच्याशी भांडले होते. ते त्याला आठवत होतं. “माझी भरती आहे ताई,” एवढंच तो म्हणाला.

बक्षीस समारंभाला मला जायचं नव्हतं, पण पप्पांनी माझा बेत ठरवूनच टाकला. इस्त्रीचा शर्ट घातला, आईला म्हणाले, पोरगी ट्रॉफी घेणार आणि मी घरी बसू? मी स्कूटर काढली. वाटेत ते सारखे बोलत होते, आमच्या वेळी ट्रॉफी म्हणजे स्टीलचा ग्लास असायचा वगैरे.

कॅफे तळघरात होतं. निळे-जांभळे दिवे, काळ्या खुर्च्या, एसीचा गारठा. आमचा कॅप्टन समोर आला, उंच, केस बारीक कापलेले. दोन वर्षं ज्याचा आवाज रोज ऐकला त्याला पहिल्यांदा बघताना मला बरं वाटायला हवं होतं. त्याने पप्पांना नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, इकडे बसा.” आजवर त्याने मला अहोजाहो केलं नव्हतं.

पप्पांना बसायला जागा नव्हती. तेव्हा एक मुलगा स्वतःची खुर्ची सोडून उठला. चष्मा, स्वच्छ दाढी, बरोबर त्याची आई होती. “काका, बसा ना इथे,” तो म्हणाला. आवाजावरून मी त्याला ओळखलं, तो त्यांचा कॅप्टन. तो पप्पांशी बोलत राहिला, कुठून आलात, ट्रॅफिक लागलं का. त्याच्या आईने पर्समधून पाण्याची बाटली काढून पप्पांना दिली. पप्पा प्यायले आणि बाटली परत दिली. ती बाई सहज बोलत होती, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिला काही माहीतच नसणार.

“चांगल्या वळणाचा पोरगा आहे,” पप्पा माझ्या कानात म्हणाले.

मग नावं पुकारली. आधी उपविजेते स्टेजवर गेले, मग आम्ही. माईक घेतलेला कॅफेचा मालक उत्साही माणूस होता. त्याने दोन्ही संघांना समोरासमोर उभं केलं. “आता मुख्य गोष्ट. खेळ संपला की दुश्मनी संपली. मिळवा हात.” समोर मोबाईल उंचावून लोक शूटिंग करत होते.

आमच्या तिघांनी हात मिळवले. तो चष्मेवाला माझ्यासमोर आला आणि त्याने हात पुढे केला. व्यवस्थित, सरळ हात. हळू आवाजात म्हणाला, “दीदी, गेममध्ये होतं असं. मनावर घेऊ नका. लोक बघतायत.”

माझा हात उचलला गेला नाही. मी आधी काही ठरवलं नव्हतं. तो तसाच हात पुढे धरून उभा होता. मी त्याला विचारलं, “फोन धुतलास का?”

हे फक्त त्याने ऐकलं. त्याचा चेहरा बदलला, पण अगदी थोडा. मग तो कॅमेऱ्यांकडे वळून हसला, हात तसाच पुढे, जणू काय करावं कळत नाहीये अशा साध्या मुलासारखा. मालक माईकवर म्हणाला, “अरे मॅडम, खेळाडूवृत्ती दाखवा.” कुणीतरी शिट्टी मारली. शेवटी मालकानेच तो हात आपल्या हातात घेऊन हलवला आणि सगळे हसले. मी ट्रॉफीचा फोटो होईपर्यंत थांबले आणि खाली उतरले.

आम्ही घरी निघालो. मुंबई नाक्यापर्यंत पप्पा गाडीवर मागे गप्प बसून होते. मग त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. “थांबव जरा.”

रस्त्याकडेच्या चहाच्या गाडीपाशी मी स्कूटर लावली. पप्पांनी दोन चहा सांगितले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मी त्यांना क्वचितच इतकं रागावलेलं पाहिलंय.

“त्या पोरानं हात पुढं केला होता. सगळ्यांसमोर. हेच शिकवलं का तुला?”

मी सांगितलं. आधी सांगणार नव्हते, पण तिथे रस्त्याच्या आवाजात सगळं सांगितलं. कोटा, आडनाव, फोन धुवून घ्या, आणि जातीचं नाव. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते. ग्लासातल्या चहावर साय धरली होती, तिच्याकडे बघत होते.

 पप्पा निफाडकडच्या एका खेड्यात वाढले. नंतर पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि नाशिकरोडला आमच्या कॉलनीत स्थायिक झाले. एरवी ते शहरातलं बोलतात. गावाचा विषय निघाला की मात्र त्यांची भाषा बदलते, आणि तो विषय ते सहसा काढत नाहीत.

“आम्हाला शाळेच्या टीममधी घ्यायचे,” ते म्हणाले. “घ्यावंच लागायचं. आम्ही तीन जण होतो आमच्या वस्तीतले, आणि आमच्याशिवाय टीम हाराची. दर शनवारी गावातल्या पोरांबरोबर सराव. कबड्डीत अंगाला अंग लागणारच. खेळताना कोणी काय बोलायचं नाय. पाय धरायचे, कमर धरायचे, अंगावर पडायचे, सगळं चालायचं. सर शिट्टी मारायचे, रांग लावायचे, हात मिळवायला लावायचे. आम्ही मिळवायचो. तेबी मिळवायचे.”

चहावाल्याने ग्लास उचलून नेले. पप्पांनी ते उचलून होईपर्यंत वाट पाहिली.

“मैदानाच्या कडेला हापसा होता. हात मिळवले का ते सगळे तिकडं पळायचे. एक जण दांडा मारायचा, बाकीचे कोपरापर्यंत हात धुवायचे. हसत हसत. राग नाय, काय नाय. रोजचंच. आम्हाला त्या हापशावर जाता येत नव्हतं. आम्ही घामानं लडबडलेले उभे राहून बघायचो.”

“आणि सर?”

“सर शिट्टी खिशात घालून घरी जायचे.”

“मग पप्पा, पुढच्या शनिवारी तुम्ही हात का पुढे करायचात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नसावा.

“नाय केला तर म्हटले असते, यांना रीत नाय. म्हणून करायचो. तुम्हाला घरात लावली ती शिस्तबी त्याच्यासाठीच. कुणी बोट दाखवायला नको.”

मला वाटत होतं की ती खिलाडूवृत्ती आहे. लहानपणापासून मी ते चांगल्या घराचं वळण समजत आले. ती भीती होती, आणि तीच मी माईकवर रोज, प्रत्येक सामन्यानंतर, अनोळखी लोकांना म्हणून दाखवत होते.

“मी केलं ते चुकलं का?” मी विचारलं.

“मला नाय सांगता येणार, बाळा,” पप्पा म्हणाले. “मला कधी तसं करून बघता आलं नाय.”

दोन दिवसांनी ऑफिसात माझ्या टेबलाशेजारची बाई मोबाईल घेऊन आली. “अगं, ही तूच ना?” कॅफेच्या पानावर तो व्हिडिओ होता. तो मुलगा हात पुढे करतो, मी उभी, तो बिचारा हसतो, मालक त्याचा हात घेतो. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. जिंकायची लायकी नाही. एवढा माज कशाचा. संस्कार दिसले. काहींनी माझं आडनाव शोधून काढलं होतं आणि मग पुढचं लिहायला त्यांना सोपं गेलं होतं. त्या मुलाचं लोक कौतुक करत होते. त्याने स्वतः एका ठिकाणी लिहिलं होतं, कृपया दीदींना काही बोलू नका, सामन्याचा ताण असतो. त्याला सगळ्यात जास्त पसंती होती.

“हात मिळवायला काय झालं होतं गं?” शेजारची म्हणाली. वाईट बाई नाही ती. मी तिला सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबले, कारण ती मान हलवत होती पण डोळे व्हिडिओवरच होते.

पप्पांनी मात्र विषय सोडला नाही. आमच्या कॉलनीत एक वकील राहतात, त्यांच्याकडे मला घेऊन गेले. वकिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं. कायदा आहे, गुन्हा बसतो, म्हणाले. पण रेकॉर्डिंग हवं, नाहीतर ऐकणारे साक्षीदार. ऐकणारे कोण होते? तुमचे तिघे. त्यांना विचारा.

मी कॅप्टनला पुन्हा फोन केला. तो तयारच होता जणू.

“ताई, पोलिसांत माझं नाव गेलं तर भरतीचं व्हेरिफिकेशन अडकेल. माझ्या पप्पांनी सांगितलंय, यात पडू नको.” मग म्हणाला, “त्यापेक्षा तू स्पर्धेच्या ग्रुपवर एक सॉरी लिहून टाक ना. विषय संपेल. पुढच्या स्पर्धेला आपल्याला घेणार नाहीत म्हणतायत.”

“मी सॉरी लिहू?”

“लोकांना तुझाच व्हिडिओ दिसतोय ना.”

यात तो खोटं काहीच बोलत नव्हता. मी फोन ठेवला आणि संघाच्या ग्रुपमधून बाहेर पडले. त्या दोघांपैकी कुणाचा मेसेज आला नाही. कॅप्टनचाही नाही. पोलिसांत तक्रार करायची राहिली. पप्पांनी वकिलांना कळवलं की पोरं तयार नाहीत, आणि त्यानंतर काही दिवस ते संध्याकाळी कॉलनीत फिरायला गेले नाहीत.

कॅफेने पुढची स्पर्धा जाहीर केली. नियमांत एक ओळ वाढवली होती, बक्षीस समारंभात सर्व खेळाडूंनी हस्तांदोलन करणं बंधनकारक. लॉबीत काय बोलायचं नाही याबद्दल काही नव्हतं. चष्मेवाल्याचा संघ ती स्पर्धा जिंकला. मी प्रक्षेपण पाहिलं नाही, फोटो दिसले.

मी खेळणं सोडलेलं नाही. अनोळखी लोकांच्या संघात शिरते, माईक बंद, आवाज बंद, आणि शेवटची गोळी सुटली की लॉबी उघडायच्या आत बाहेर पडते. खेळ पूर्वीइतका चांगला होत नाही, कारण संघातलं कोण काय सांगतंय ते ऐकू येत नाही. बऱ्याचदा मागून मारली जाते.

परवा, बऱ्याच महिन्यांनी, कॅप्टनचा मेसेज आला. भरतीत त्याची निवड झाली नव्हती, छातीच्या मापात कमी पडला. त्याने लिहिलं होतं, “ताई, परत टीम करूया का? पुण्याची एक स्पर्धा आहे. मी चौकशी केली, तिथे पूर्ण नाव दाखवत नाहीत. फक्त टोपणनाव. कुणाला काही कळणार नाही.”

त्याने हे माझ्या भल्यासाठी विचारून घेतलं होतं, हे मला कळत होतं. आयोजकांना मुद्दाम फोन करून विचारलं असणार. मी बराच वेळ ती शेवटची ओळ वाचत बसले. मोठं उत्तर लिहायला घेतलं, मग पुसलं, आणि फक्त ‘नको’ एवढंच पाठवलं.

त्याने अंगठ्याची खूण पाठवली.